निळा चारशे सतरा

४ जानेवारी

एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलं की माणसाला एकच गोष्ट उत्तम येते, ती म्हणजे फॉर्म भरणं. बायको गेल्या आठवड्यात पोस्टातून निवृत्त झाली आणि आज सकाळी तिने माझ्या चहाच्या कपाशेजारी एक फॉर्म आणून ठेवला. घरीच आखलेला, फूटपट्टीने रेघा मारलेला. वर लिहिलेलं, 'ग्रीसचं बेट. माणसं दोन. रात्री सहा.' खाली रकाने, विमान, बोट, खोली, जेवण, किरकोळ. किरकोळमध्ये तिने 'ह्यांची कुरकुर' असंही लिहून ठेवलं होतं.

"हे काय?"

"आपण जाणार आहोत."

"आपण म्हणजे कोण?"

"घरात तिसरं कुणी आहे का?"

बेट कुठलं, तर स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलं. सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या रंगाच्या कारखान्याने कॅलेंडर काढलं होतं, त्यातलं मे महिन्याचं पान. पांढरी घरं, निळे घुमट, मागे समुद्र. त्या पानावरून मी बाहेरच्या भिंतींसाठी निळा रंग तयार केला. नंबर चारशे सतरा. समुद्र न बघता, नुसत्या कागदावरून, तीन दिवसांत. आजही कारखान्यात सगळ्यात जास्त खपतो तो तोच. ज्यांना माझ्याबद्दल शंका असेल त्यांनी कुठल्याही रस्त्याने चालत जावं आणि भिंती बघाव्यात.

पान मात्र पार विटलंय. निळ्याचा मातकट हिरवा झालाय, पांढरी घरं पिवळी पडलीत. छपाईवाल्यांची स्वस्त शाई, दुसरं काय. मी म्हणालो, या विटक्या कागदासाठी एवढा खर्च? ती म्हणाली, "कपाटाच्या आत कसं विटेल? त्याला ऊनच लागत नाही." आणि माझ्याकडे बघत राहिली. समोरच्याने पाकिटावर पत्ता अर्धवट लिहिलाय, अशा नजरेने माणसांकडे बघायची तिला पोस्टातली सवय आहे.

११ जानेवारी

कारखान्यात मला 'डोळा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला माहीत आहे आणि माझी हरकत नाही. प्रत्येक बॅचचा रंग टाकीतून डब्यात जाण्याआधी माझ्या शेडरूममध्ये येतो. कार्डावर एक फटकारा मारायचा, वाळू द्यायचा, मी एकदा बघायचं आणि सांगायचं, थोडा निळा, जरा काळा, जाऊ दे. मूळ नमुन्याची पट्टी कपाटात असते. मी ती गेली दहा वर्षं काढलेली नाही. ज्याला आठवत नाही त्याने पट्टी लावावी.

माझ्या हाताखाली 'नवी' आहे. येऊन पाच वर्षं झाली तरी मी तिला नवीच म्हणतो. ही बाई प्रत्येक कार्ड मूळ पट्टीशेजारी धरते, खिडकीत नेते, दिव्याखाली नेते, मग यंत्रात घालते. चिमुकल्या बाळाला चार डॉक्टरांकडे नेणाऱ्या आईसारखी. भोंगा झाल्यावरही अर्धा तास थांबते. विचारलं तर म्हणते, आवराआवर, सर. मला न कळायला मी काय काल जन्मलोय? साहेबांच्या नजरेत भरायचंय.

१९ जानेवारी

आज तिकिटं निघाली. निघाली म्हणजे बायकोने काढली आणि मला सांगितलं.

त्याआधी दोन थोर माणसांचे सल्ले झाले. पहिला माझा मेहुणा. याने अकरा देश पाहिलेत, म्हणजे अकरा हॉटेलांतला सकाळचा नाश्ता पाहिलाय. "भावोजी, बेट बघायचं तर जुलैत," म्हणाला. जुलैत भाडं तिप्पट असतं हे बायकोने त्याला तोंडपाठ ऐकवलं. दुसरा समोरच्या रस्त्यावरचा तिकीटवाला. हा इतका हसतो की त्याच्या दातांचाच आकडा बिलात धरला असावा असं वाटतं. "सर, तुमच्यासाठी खास," असं म्हणून त्याने जे दाखवलं ते आमच्यासाठी खास महाग होतं.

बायको स्वस्त प्रवास करणाऱ्यांच्या कुठल्याशा गटात शिरली आहे. हे लोक मंगळवारी दुपारी भाडं बघतात, बुधवारी परत बघतात, आणि एका विमानतळावर नऊ तास बसायला मिळालं तर एकमेकांचं अभिनंदन करतात. आमचं तसंच आहे. दोन ठिकाणी विमान बदलायचं, त्यातल्या एका ठिकाणी नऊ तास. मग बोट. आठ मेला निघायचं.

"मेच का?" मी विचारलं. "मार्चमध्ये अजून स्वस्त असेल."

"मार्चमध्ये तिथे निम्मी हॉटेलं बंद असतात. आणि मला मधे वेळ हवाय."

"कशाला वेळ?"

"तयारीला," ती म्हणाली. सहा रात्रींच्या तयारीला साडेतीन महिने! शिवाय हे तिकीट परत होत नाही. रद्द केलं तर सगळे पैसे बुडाले. वाया घालवणं मला सहन होत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. खिंडीत गाठायचं म्हणतात ते हेच.

२ फेब्रुवारी

माणशी सात किलो सामान. बायकोने पोस्टातून निरोपाला मिळालेला काटा दाराला टांगलाय आणि ती माझे कपडे पार्सलासारखे तोलते. जास्तीचे दोन शर्ट मी अंगावर घालून जायचं ठरलं आहे. गटातल्या कुणा महाभागाने म्हणे तीन पँटी घालून प्रवास केला. बसला कसा हे त्याने लिहिलेलं नाही.

मोज्यांवरून वाद. ती म्हणते, मी घातलेला एक काळा आणि एक गडद निळा. मी दोन्ही समोर धरून पाहिले. दोन्ही काळे. जिने आयुष्यभर तिकिटांवर शिक्के मारले ती मला रंग शिकवते आहे. मी तसं म्हणालो. ती मोजे घेऊन आत गेली. या घरातले बल्बही बदलायला हवेत, हल्ली बल्ब उजेड देतच नाहीत, नुसते पेटतात.

१४ फेब्रुवारी

बहिणीच्या लग्नासाठी नवी तीन दिवस रजेवर. शेडरूममध्ये काय शांतता! पट्ट्यांची उघडझाप नाही, यंत्राची टिकटिक नाही. चारशे सतराची मोठी बॅच मी एकट्याने काढली. वसाहतीच्या सात इमारतींचं काम आहे, सहा रंगवून झाल्यात, ही सातवीची. पहिलं कार्ड फिकट वाटलं. निळा वाढवला. दुसरं फिकट. अजून वाढवला. तिसऱ्याला जमलं. भोंगा व्हायच्या आत डबे भरून झाले. कामाला किती वेळ लागतो ते माणसावर असतं.

३ मार्च

तक्रार आली. सातवी इमारत वेगळी दिसते म्हणे. सहा शांत निळ्या आणि सातवी भडक, डोळ्यात घुसणारी. कंत्राटदाराने फोटो पाठवलेत. फोटोवर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून स्वतः गेलो. सातही इमारतींसमोर उभा राहून पाहिलं. सातही सारख्या. फाटकावरचा पहारेकरी न विचारता म्हणाला, "ती शेवटची ना साहेब? लांबून ओळखू येते." याला कंत्राटदाराने पढवलेलं आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पैसे कापून घ्यायचे धंदे.

पण आमचे मोठे साहेब तिथे मान डोलावत उभे होते. त्यांनाही वेगळी दिसत होती. साहेब विक्री विभागातून वर आलेले, त्यांना ग्राहक म्हणेल ते दिसतं.

५ मार्च

साहेबांना चूक कुणाची ते लेखी हवं होतं. मी दिलं. रजेवर जाण्याआधी बॅचचा मूळ पांढरा, ज्यात निळा मिसळतात तो, नवीनेच मोजून ठेवला होता. तोच बिघडलेला असणार, कारण माझ्याकडून रंग चुकत नाही. अहवाल एका पानाचा. 'हलगर्जी', 'यंत्रावर विसंबणारी', 'रंगाची उपजत जाण नाही' हे शब्द मी विचार करून वापरले. दुपारी तिला पॅकिंगमध्ये पाठवलं, डब्यांना लेबलं लावायला. तिचा करार मेअखेर संपतो, तो पुढे वाढणार नाही.

जाताना तिने एकच विचारलं. "सर, त्या दिवशी तुम्ही मूळ पट्टी लावून बघितली होती का?"

"मला पट्टी लागत नाही."

"हो सर," ती म्हणाली आणि आपला कप घेऊन निघून गेली. रडली नाही, भांडली नाही. अशा माणसांचा मला जास्त राग येतो.

घरी सांगितलं तर बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. "तिला काढणार? तुमच्या सांगण्यावरून?" म्हणाली. मग जेवण संपेपर्यंत बोलली नाही.

६ मार्च

आज अचानक बोलायला लागली, तेही गाडीबद्दल. बेटावर बस दिवसातून चारदा. छोटी गाडी भाड्याने घेतली तर बोटीच्या धक्क्यापासून खोलीपर्यंतच्या टॅक्सीचे पैसे वाचतात. तिने हिशेबच मांडून दाखवला. चालवणार कोण, तर मी. त्यासाठी परदेशात चालणारा परवाना हवा, परवान्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र हवं.

"डोळ्यांचं पत्र? मला?"

"नियम आहे. मी नाही केला."

बरं, बघून घेऊ. माझे डोळे बघून डॉक्टर काही तरी शिकेल.

१६ मार्च

डॉक्टर म्हणजे पस्तिशीची पोरगी. मला तिने हनुवटी टेकवायला लावली, दिवा मारला, अक्षरं वाचायला लावली. खालच्या ओळी धूसर छापलेल्या होत्या, तसं मी सांगितलं. ती म्हणाली, "तक्ता नवा आहे, काका."

मग खुर्ची ओढून समोर बसली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकत आलेला. आतली भिंगं पिवळी, तपकिरी झाली आहेत, तीनचार वर्षं तरी हळूहळू होत असणार. "अशा डोळ्यांना निळा रंग नीट पोचत नाही. फिकट, मळका दिसतो. पांढरा पिवळट दिसतो. हळूहळू होतं म्हणून कळत नाही. तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. परवान्याचं पत्र मिळणार नाही, आधी ऑपरेशन. एक डोळा आत्ता, दुसरा उन्हाळ्यानंतर.

दुकान चालवायचं असतं या लोकांना. बाहेर पडल्यावर मी तेच म्हणालो. बायको म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या."

१८ मार्च

दुसरा डॉक्टर म्हातारा, खोकणारा, माणसाला ताटकळत ठेवणारा. त्याने तेच सांगितलं, फक्त फी जास्त घेतली.

मी बायकोला म्हणालो, बेट रद्द. डोळ्याला सुरी लावून घेऊन मला समुद्र बघायचा नाही. ज्या डोळ्यांनी हे घर उभं केलं त्यांना कुणी हात लावलेला मला चालणार नाही.

"तिकीट परत होत नाही," ती म्हणाली.

"बुडू दे."

तेव्हा ती माझ्यासमोर बसली. "मोजे दोन वर्षांपासून वेगळे घालताय. मागच्या वर्षी माझा जांभळा गाऊन आणलात तो चॉकलेटी म्हणून. मी चारदा डॉक्टरचं नाव काढलं, चारदा तुम्ही ओरडलात. बेट मला बघायचं असतं तर मी एकटी गेले असते, तो निळा मला रोज कपाट उघडलं की दिसतो. तुम्हाला दिसत नाही. तिकीट तुमच्या डोळ्यांसाठी काढलंय, म्हणून मेचं काढलं. आणि आता तुम्ही त्या मुलीची नोकरी घालवलीत. मला लाज वाटली त्या दिवशी. तुमची लाज वाटली."

तीस वर्षांत ती माझ्याशी असं बोललेली नाही. पोस्टाच्या माणसांना शिंगं निवृत्त झाल्यावर फुटतात.

त्या मुलीच्या बाबतीत मात्र ती चुकते आहे. मोजे वेगळे, रंगाची बॅच वेगळी. डोळा जरा कमी झाला असेलही, पण जाण जात नाही.

४ एप्रिल

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली.

पान विटलेलं नाही.

५ एप्रिल

काल दुसरं काही लिहवलं नाही. आज लिहितो. ऑपरेशनला शेवटी तयार झालो तो तिकिटाचे पैसे बुडू नयेत म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टरणीने पट्टी काढली तेव्हा आधी तिचा पांढरा कोट दिसला. इतका पांढरा की मला वाटलं खोलीत कुणी तरी दिवा लावला. मग बायको. तिचे केस मी समजत होतो त्यापेक्षा खूप जास्त पांढरे झालेत. घरी आलो, बूटही न काढता कपाट उघडलं. मे महिना. निळे घुमट, निळा समुद्र, सव्वीस वर्षांपूर्वी छापखान्यातून आला होता तसाच. मी डावा हात उजव्या डोळ्यावर ठेवला. मातकट हिरवा. हात काढला. निळा. परत ठेवला. बायको मागे उभी होती. मी किती वेळ ते करत होतो माहीत नाही, शेवटी तिनेच माझा हात धरून खाली घेतला.

गाऊन जांभळा आहे. मोजे वेगळे आहेत. बल्ब चांगले आहेत.

७ एप्रिल

काळा चष्मा लावून, बसने वसाहतीत गेलो. बायकोला दुकानात जातो असं सांगितलं. फाटकाशी पोचायचीही गरज पडली नाही. सातवी इमारत रस्त्याच्या वळणावरूनच दिसली. बाकी सहा एका घरातल्या वाटतात आणि ही जत्रेतून आल्यासारखी.

पहारेकरी तोच. "परत आलात साहेब? ती शेवटची..."

"दिसली," मी म्हणालो. याला कुणीही पढवलेलं नव्हतं. याला डोळे होते, एवढंच.

२१ एप्रिल

कामावर परत. शेडरूममध्ये नवीच्या जागी विक्री विभागातला एक गोरागोमटा बसवलाय, त्याला निळा आणि हिरवा यांतला फरक लेबल वाचून कळतो. त्याला चहाला पाठवलं आणि कपाटातून चारशे सतराची मूळ पट्टी काढली. दहा वर्षांत पहिल्यांदा. मग खालचे खण उघडले. प्रत्येक बॅचची कार्डं दोन वर्षं ठेवायचा नियम आहे. एक माझ्या हाताखालून गेलेलं, एक डबे भरताना घेतलेलं.

दोन्ही सारखी असायला हवीत. मी पास केल्यावर रंगात कुणी काही घालत नाही.

माझी कार्डं एका ओळीत लावली. पट्टीपासून लांब, प्रत्येक महिन्याला अजून लांब, अजून भडक. डबे भरतानाची कार्डं त्यांच्या खाली लावली. सगळी पट्टीला बरोबर जुळणारी. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळ लिहिलेली. पाच चाळीस. पाच पन्नास. पाच पस्तीस. आमचा भोंगा साडेपाचला होतो.

दोन वर्षांची सगळी कार्डं होती. चौदा फेब्रुवारीचं डबे भरतानाचं कार्ड फक्त माझ्या कार्डासारखंच होतं, कारण त्या दिवशी ती लग्नाला गेली होती.

पॅकिंगमध्ये गेलो. ती लेबलं सरळ लावत होती, इतकी सरळ की बाकीच्यांची त्यांच्यापुढे वाकडी दिसत होती. मी म्हणालो, "भोंग्यानंतर तू थांबायचीस."

"हो सर."

"मला सांगितलं का नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, तुला रंगाची जाण नाही. नंतर नाही सांगितलं."

मला ते आठवत नाही. म्हणजे मी रोजच असं काही तरी म्हणत असणार.

"साहेबांना सांगायचं होतंस. तुझी नोकरी वाचली असती."

तिने हातातलं लेबल खाली ठेवलं. "मी काम तुमच्याकडून शिकले, सर. पहिल्या वर्षी तुम्ही मला एकेक कार्ड खिडकीत नेऊन दाखवलंत. तेव्हा तुम्ही स्वतः पट्टी काढली होती, माझ्यासाठी. मला वाटलं तुमची दोनच वर्षं राहिलीत, निघून जातील."

पाच वर्षांपूर्वीची ती पट्टी मी साफ विसरलो होतो आणि इथे दहा वर्षं लिहून बसलो. तिने ठेवलेलं लेबल मी उचलून डब्याला लावलं, वाकडं लागलं.

२३ एप्रिल

अहवाल दिला. एका पानाचा, मागच्याएवढाच. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवतो.

'चौदा फेब्रुवारीची बॅच मी बिघडवली. मूळ पट्टी लावली नाही, यंत्र वापरलं नाही, दिसत नसताना दिसतंय असं धरून चाललो. त्याआधीची दोन वर्षं मी पास केलेली चारशे सतराची प्रत्येक बॅच चुकीची होती आणि ती भोंग्यानंतर दुसऱ्या व्यक्तीने दुरुस्त केली. पाच मार्चच्या अहवालातले हलगर्जी आणि जाण नसलेली हे शब्द माझ्यासाठी वाचावेत. कार्डं सोबत जोडली आहेत.'

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी याहून वाईट लिहिलं असतं. पण याहून वाईट शब्द मला सापडले नाहीत, बराच वेळ शोधले.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "कशाला उगाच? दोन वर्षांवर निवृत्ती आली. तिला मी दुसरीकडे कुठे तरी चिकटवतो. हे फाडून टाकू." फार दयाळू माणूस. दुसऱ्याची चूक झाकताना याचा हात कधी थरथरत नाही. मी म्हणालो, फाडलंत तर मी उद्या पुन्हा लिहीन, परवा पुन्हा लिहीन, आणि एक प्रत कंत्राटदाराला देईन. मग त्यांनी तो कागद नीट खणात ठेवला.

३० एप्रिल

ती आजपासून शेडरूमची प्रमुख. करार नाही, कायमची. मी पास केलेल्या प्रत्येक कार्डावर तिची सही लागणार. आज पहिलं कार्ड तिच्यासमोर ठेवलं. तिने पट्टी लावली, खिडकीत नेलं, दिव्याखाली नेलं, यंत्रात घातलं. मी उभा राहिलो. विशीतल्या उमेदवारासारखा उभा राहिलो आणि चिडत होतो. तिने सही केली. मी म्हणालो, वेळ फार लावतेस. ती म्हणाली, "हो सर."

निघताना तिने एक पाकीट दिलं. आत चारशे सतराची छोटी पट्टी. "बेटावर नेऊन लावून बघा. तो रंग तुम्ही कागदावरून केला होता ना? खऱ्याशी किती जुळतो ते मला लिहून हवं आहे. आठवणीतून नको."

बायकोने पट्टीही काट्यावर ठेवली. सहा ग्रॅम. सात किलोत बसली.

१० मे

पोचलो. नऊ तास त्या विमानतळावर बसलो, अंगात तीन शर्ट, शेजारी तीन पँटी घातलेला गृहस्थ. तोच तो गटातला! बायको त्याला ओळखून इतकी आनंदली की जणू तिचा सख्खा भाऊ भेटला. तो बसतो कसा ते मी पाहिलं. बसत नाही, टेकतो.

खोलीतून 'समुद्राची झलक' असं लिहिलं होतं. बाथरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढली तर शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीमागे एक निळी चिंधी दिसते, तीच झलक. घरमालकीण बाई कॉफीच्या नावाखाली गाळ देते. सगळीकडे पायऱ्या. गाडी घेतली नाही, कारण परवाना मी पुन्हा मागितलाच नाही. चारशेच्या आसपास पायऱ्या चढलो. बायको पुढे, मी मागे, आणि माझ्यामागे जर्मन म्हाताऱ्यांचा एक जथा, काठ्या टकटकवत.

वर एक छोटं देऊळ आहे त्यांचं, निळ्या घुमटाचं. कॅलेंडरमधलं नाही, पण त्याच घरातलं. मागे समुद्र. मी पाकीट उघडलं, पट्टी काढली आणि हात लांब करून घुमटाशेजारी धरली. डाव्या डोळ्याने पाहिलं. तंतोतंत जुळतो, कुठे शिवणसुद्धा दिसत नाही. मग डावा झाकला आणि उजव्याने पाहिलं.

जुळत नाही. माझा चारशे सतरा हिरवट आहे, किंचित, पण आहे. तेव्हा डोळे चांगले होते. पण कागदावरचा रंग बघून केलेला, खरा विचारला कुणाला होता? सव्वीस वर्षं आमच्या शहराच्या भिंती मी जरा चुकीच्या निळ्याने रंगवतोय आणि त्यावर छाती फुगवून हिंडतोय. मला हसू आलं. इतकं की जर्मन म्हातारे वळून बघायला लागले.

तिथेच कठड्यावर बसून नवीसाठी पोस्टकार्ड लिहिलं. 'फरक आहे. मूळ माझंच चुकलेलं आहे, हिरवा कमी करावा लागेल. किती ते मी सांगणार नाही, एक डोळा अजून जुनाच आहे. तू ठरव.' बायकोने तिकीट नीट चिकटलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, पत्राच्या आधी आपण पोचू. मी म्हणालो, पोचू दे, तिला कागदावर हवंय.

मग मी बायकोला विचारलं, "तुला कसा दिसतो गं हा निळा?"

ती माझ्याकडे वळली. तीस वर्षांत मी तिला कुठलाही रंग विचारलेला नाही, पडद्यांचासुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले होते. तिने हात पुढे केला.

"आधी ती पट्टी द्या इकडे," म्हणाली.

मी दिली.